खोलीत कोणाबरोबर?

श्रोतेहो, नमस्कार. जून महिन्यात राजापूर, लांजा, गुहागर या बाजूची मुले एसटीतून वळकट्या घेऊन रत्नागिरीत उतरतात. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांची सोय कोणाच्या तरी माडीवर किंवा मागच्या पडवीत होते. तिघांत एक खोली आणि परसात सामाईक न्हाणी. या साऱ्या वाटपाच्या मुळाशी एकच प्रश्न असतो : मुलगा की मुलगी? ज्याच्या दाखल्यावरचे उत्तर आणि मनातले उत्तर जुळत नाही, अशा विद्यार्थ्याविषयी आज बोलायचे आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगते. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी आपली लिंग-ओळख स्वतः ठरवण्याचा अशा, म्हणजे पारलिंगी, व्यक्तींचा हक्क मान्य केला. २०१९ च्या कायद्याने शिक्षणसंस्थांत, तसेच घर भाड्याने देताना त्यांच्याशी भेदभाव करण्यास मनाई केली. यातला भाड्याचा भाग फार थोड्या घरमालकांना ठाऊक असतो, असा माझा अनुभव आहे.

मी मुलींच्या एका वसतिगृहाची अधीक्षक असताना एक विद्यार्थी माझ्याकडे आला. कागदोपत्री तो मुलगी होता. त्याने खोली बदलून मागितली नव्हती. बरोबरच्या दोघींना सगळे ठाऊक होते आणि त्यांच्यातच त्याला निर्धास्त वाटत होते. त्याला हवी होती न्हाणीघराच्या दाराला धड बसणारी कडी, आणि हजेरी घेताना नावाऐवजी आडनावाची हाक. मी मात्र उदारपणाच्या भरात त्याला टोकाची वेगळी खोली दिली. लहान गावात वेगळी खोली म्हणजे दारावर लावलेली पाटीच. आठ दिवसांत चर्चा खानावळीपर्यंत पोचली आणि जे त्याने तिघांपुरते ठेवले होते, ते घरच्यांच्या आधी बाजारपेठेला कळले. गणपतीच्या सुट्टीत तो घरी गेला नाही.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने वसतिगृहाचा काही भाग लिंगनिरपेक्ष, म्हणजे मुलगा-मुलगी असा भेद नसलेला, ठेवला; हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठानेही २०२२ मध्ये तशी जागा राखली. मोठ्या संस्थेत ते साधते, कारण तेथे राहू इच्छिणारे अनेक असतात आणि त्यांत एकटा कोणी उठून दिसत नाही. आमच्या चाळीस खाटांच्या इमारतीत असा मजला म्हणजे एका माणसाचा मजला झाला असता.

सुट्टीनंतर त्याच्या सांगण्यावरून त्याला जुन्या खोलीत परत नेले आणि सुतार बोलावून चारही न्हाणीघरांच्या कड्या बदलल्या. (पावसात दारे फुगून कड्या लागत नाहीत ही तक्रार मुळात सगळ्याच मुलींची होती, आणि मी ती तीन वर्षे नुसती ऐकत आले होते.) पुढच्या वर्षी प्रवेश-अर्जात फक्त अधीक्षकांनी वाचायची एक ओळ वाढवली : 'खोलीत कोणाबरोबर राहणे सोयीचे वाटेल?' निम्म्या मुलींनी त्याखाली लिहिले होते, 'घोरत नसेल अशा कोणाहीबरोबर.'