‘लीड’ : जाणाऱ्याने नेणे

श्रोतेहो, ‘लीडर’ हा शब्द आज रत्नागिरीच्या बाजारपेठेपासून शाळेच्या मैदानापर्यंत सर्वत्र ऐकू येतो आणि तो परका आहे, असे कोणालाही वाटत नाही. त्याच्या मुळाशी असलेले ‘लीड’ हे क्रियापद मला फार मोलाचे वाटते. पुढारीपणाचे बहुतेक शब्द माणसाचे स्थान किंवा अधिकार सांगतात. हे क्रियापद त्याने प्रत्यक्ष काय करायचे ते सांगते.

स्थान सांगणारे शब्द आपल्या किनाऱ्यावरही पुष्कळ आहेत. ‘कॅप्टन’ आणि ‘चीफ’ हे दोन्ही शब्द डोके या अर्थाच्या ‘कापुट’ या लॅटिन शब्दापासून आले, आणि कान्होजी आंग्रे ज्या ‘सरखेल’ या किताबाने ओळखले जातात, त्यातील फारसी ‘सर’ म्हणजेही डोकेच. ‘नाखवा’ हा फारसी ‘नाखुदा’वरून आला, त्याचा अर्थ नावेचा धनी. ‘गव्हर्न’ मात्र सुकाणू धरणे या अर्थाच्या ग्रीक क्रियापदातून लॅटिनमार्गे इंग्रजीत उतरले. आपला ‘कर्णधार’ त्याच्या अगदी जवळचा, कारण संस्कृतात सुकाणूलाही कर्ण म्हणतात.

‘लीड’ची घडण या सर्वांहून वेगळी आहे. जुन्या इंग्रजीत ‘लीथन’ असे एक क्रियापद होते. त्याचा अर्थ जाणे, प्रवास करणे, आणि विशेषतः समुद्रमार्गाने जाणे. त्याच धातूचे प्रयोजक रूप म्हणजे ‘लॅडन’, जायला लावणे, आणि त्यापासून आजचे ‘लीड’ झाले. जर्मनमधील ‘लायटन’ हे त्याचे भावंड. मराठीत बसणे–बसवणे, चालणे–चालवणे अशी जोडी सहज होते, पण ‘जाणे’चे तसे प्रयोजक रूप रूढ नाही. तेथे आपण दोन निराळी क्रियापदे वापरतो: ‘पाठवणे’ आणि ‘नेणे’. पाठवणारा घरी थांबू शकतो. नेणाऱ्याला स्वतः निघावेच लागते. ‘लॅडन’चा जुन्या इंग्रजीतील वापर पाहिला तर तो या दुसऱ्या अर्थाचा आहे, म्हणजे आपल्याबरोबर घेऊन जाणे, वाट दाखवत पुढे असणे. आपला ‘नेता’ही ‘नी’ या संस्कृत धातूपासून आला असून नायक, प्रणेता आणि नीती ही त्याच घरातली माणसे. दोन्ही धातूंचे एकमेकांशी नाते नाही, तरीही दोन दूरच्या समाजांनी पुढाऱ्याला नाव देताना चालण्याचाच आधार घेतला, ही गोष्ट मला थोर वाटते.

‘लीड’च्या कुळात आणखी एक जुना शब्द होता. त्याचा अर्थ वाट, प्रवास, वाहून नेणे. त्यातूनच आजचा ‘लोड’ म्हणजे ओझे हा शब्द निघाला. आपण माणसालाही नेतो आणि भाऱ्यालाही नेतो. इंग्रजीने त्या एकाच कुळाच्या दोन शाखा करून एकीकडे माणसे ठेवली आणि दुसरीकडे भार. त्याच वाटेच्या अर्थाने ध्रुवताऱ्याला ‘लोडस्टार’ म्हणजे वाटेचा तारा हे नाव मिळाले, आणि पुढे लोहचुंबकाला ‘लोडस्टोन’. रत्नागिरीहून ध्रुव क्षितिजापासून जेमतेम 17 अंशांवर दिसतो, कारण आपण उत्तर अक्षांश 17च्या आसपास आहोत. लंडनला तो 51 अंशांहूनही वर असतो.

बंदरात जहाज आत आणणाऱ्या वाटाड्यालाही जुन्या इंग्रजीच्या पुढील काळात ‘लोडमन’ म्हणत, आणि इंग्लंडमधील डोव्हर येथे अशा वाटाड्यांच्या कामाचे नियमन करणारे ‘कोर्ट ऑफ लोडमनेज’ नावाचे न्यायालय होते. आपल्या खाड्यांच्या मुखाशी वाळू सरकत राहते, त्यामुळे पाण्याची वाट दर पावसाळ्यानंतर पुन्हा ओळखावी लागते. त्या जाणकारीला एके काळी इंग्रजीत ‘लीड’च्याच कुळातील नाव होते, हे येथील तांडेलांना सांगण्यासारखे आहे.

येथे एक घोटाळा दूर करायला हवा. याच अक्षरांनी लिहिला जाणारा, पण ‘लेड’ असा उच्चारला जाणारा शब्द म्हणजे शिसे हा धातू, आणि त्याचे मूळ पूर्णपणे वेगळे आहे. गोंधळ वाढतो तो यामुळे की ‘लीड’च्या भूतकाळी रूपाचा उच्चारही ‘लेड’च होतो. खलाशी पाण्याची खोली मोजण्यासाठी दोरीला शिशाचे वजन बांधून सोडत. वजनाच्या तळाच्या खळग्यात चरबी भरलेली असे, तिला तळाची वाळू किंवा चिखल चिकटून वर येई आणि खाली काय आहे ते कळे. आपल्याकडे ही खोली वावांत मोजतात. वाट दाखवणारे हे शिसे आणि वाट दाखवणारे ते क्रियापद यांचा संबंध कोणालाही सुचेल, पण तो केवळ लिपीचा योगायोग आहे.

‘लीडर’ हे नाम जुन्या इंग्रजीतही सापडते. ‘लीडरशिप’ मात्र एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले. त्यातील ‘शिप’चा जहाजाशी संबंध नाही, तो ‘-पण’ किंवा ‘-त्व’ यांच्यासारखा प्रत्यय असून घडण या अर्थाच्या ‘शेप’शी त्याचे नाते आहे. या प्रत्ययाने क्रियापदाचे पद केले. आरंभी ‘लीडरशिप’ म्हणजे पुढाऱ्याची जागा, आणि नंतर त्या जागेसाठी लागणारा गुण. त्याआधीची अनेक शतके इंग्रजी बोलणाऱ्यांनी केवळ ‘कोण कोणाला कोठे नेतो’ एवढ्यावरच काम भागवले होते.