आधी अडचण, मग कल्पना

[दृश्य: बंद पाकीट. दोन हात ते उघडतात.]

पाकिटात पाच डॉलर. हातात दोन तास. या पैशांतून जमेल तेवढी कमाई करायची आणि नंतर वर्गासमोर तीन मिनिटांत सांगायचं, काय केलं ते. स्टॅनफर्ड विद्यापीठात टीना सीलिग यांनी विद्यार्थ्यांच्या गटांना दिलेलं हे काम.

पाच डॉलरचं काहीतरी घ्यायचं आणि दहाला विकायचं, हे कुणालाही सुचतं. पण ज्यांनी खरी कमाई केली, त्यांनी त्या पाच डॉलरचा विचारच सोडून दिला. एका गटाने सायकलींच्या चाकांतली हवा तपासून द्यायला सुरुवात केली. ठरावीक पैसे घेणं थांबवून ‘द्याल ते द्या’ म्हटल्यावर त्यांचा गल्ला वाढला. सगळ्यांत पुढे गेलेल्या गटाने तर वर्गातली आपली तीन मिनिटंच विकली. घेणारी होती, याच विद्यार्थ्यांना नोकरीवर घेऊ पाहणारी एक कंपनी. किंमत आली ६५० डॉलर.

[दृश्य: जुन्या वर्गखोलीची छायाचित्रं.]

उद्योजकता वर्गात शिकवता येते का, हा वाद जुना आहे. १९४७ मध्ये मायल्स मेस यांनी हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये नवे उद्योग चालवण्यावरचा अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा १८८ विद्यार्थी आले. महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि त्यांतले कितीतरी जण लष्करातून परतलेले होते.

पुढे उद्योजकतेच्या अभ्यासक सरस सरस्वती यांनी २७ अनुभवी उद्योजकांना एक काल्पनिक धंदा दिला आणि त्याचे प्रश्न मोठ्याने विचार करत सोडवायला सांगितलं. २००१ मध्ये त्यांनी यावर लिहिलं. ही मंडळी बाजारपेठेच्या अंदाजापासून सुरुवात करत नव्हती. मी कोण, मला काय येतं, माझ्या ओळखीचं कोण, इथून निघत होती. आणि नफा किती होईल यापेक्षा, बुडालं तर किती झेपेल, हे आधी बघत होती.

[दृश्य: अभ्यासिकेचं दार. वह्या घेतलेले चार विद्यार्थी.]

उद्योजकतेच्या अभ्यासक्रमातल्या या चौघांची कल्पना तयार आहे. अभ्यासिकेतली कुठली खुर्ची रिकामी आहे, हे मोबाइलवर दाखवणारं ॲप. नाव ठरलंय, लोगोही झालाय. (लोगो नेहमी आधी होतो.) मित्रमैत्रिणींना विचारून झालंय, “असं ॲप आलं तर वापरशील?” सगळे म्हणाले, हो.

शिक्षकांनी ती उत्तरं बाजूला ठेवली. ‘हो’ म्हणायला कुणाच्या खिशाला चाट बसत नाही. मैत्रिणीचं मन राखायला माणूस म्हणून टाकतो. त्यांनी प्रश्न बदलून दिला: मागच्या वेळी जागा मिळाली नाही, तेव्हा काय केलंस? एवढं विचारायचं आणि गप्प बसायचं. मध्ये ॲपचा विषय काढायचा नाही.

“काही नाही, जिन्यात बसले.”

“जागा असते गं. प्लगजवळची नसते. लॅपटॉप तासाभरात मान टाकतो.”

पुढचाही चार्जिंगचंच सांगतो. त्याच्या पुढचीही. दुपारपर्यंत ॲप मागे पडलंय.

ठीक, अडचण खरी आहे. पण तिच्यासाठी पैसे कोण मोजणार? जिन्यात बसलेली मुलगी, की ग्रंथालय? वापरणारा एक आणि पैसे देणारा दुसरा असू शकतो, हे चौघांच्या पहिल्यांदाच लक्षात येतं आणि त्यावर चांगली खडाजंगी होते.

[दृश्य: टेबल, पॉवर बँक, हाताने लिहिलेली पाटी.]

काहीही बनवायच्या आधी त्यांनी घरच्या पॉवर बँक आणल्या आणि दिवसभर भाड्याने दिल्या. भाडं द्यायला कुणी कुरकुर केली नाही. संध्याकाळी एक पॉवर बँक मात्र परत आली नाही. वहीत नोंद झाली: अनामत रक्कम.

उद्योजक स्टीव्ह ब्लँक यांनी २०११ मध्ये स्टॅनफर्डमध्ये सुरू केलेला अभ्यासक्रम याच कामावर उभा आहे: दर आठवड्याला बाहेर पडा, लोकांना भेटा, आपला अंदाज तपासा, चुकला तर बदला. त्याच वर्षी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने, म्हणजे संशोधनाला पैसा देणाऱ्या सरकारी संस्थेने, ही पद्धत शास्त्रज्ञांसाठी उचलली. तिथे एकेका गटाने शंभराच्या घरात माणसांना भेटायचं असतं.

[दृश्य: गुणपत्रिका, जाडजूड अहवाल.]

घोडं अडतं ते गुणांपाशी. पाच वर्षांचा नफा-तोटा मांडलेला अहवाल तपासायला सोपा आणि दिसायला भारदस्त, पण त्यातले बरेचसे आकडे विद्यार्थ्याच्या मनातले. तरी परीक्षक त्यालाच भुलतात. आणि अर्ध्यात कल्पना सोडून देणारा गट नापास ठरत असेल, तर कुठला शहाणा विद्यार्थी ती सोडेल?

या चौघांच्या अभ्यासक्रमात गुण वहीला आहेत. कुणाला भेटलात, कुठला अंदाज खोटा ठरला, त्यानंतर काय बदललंत. चौघांच्या वहीत ॲपवर काट मारलेली आहे आणि त्या पानाला पूर्ण गुण आहेत. त्यांतले दोघं आता ग्रंथपालांची वेळ मागतायत. उरलेल्या दोघींना धंद्यात रस नाही, तसं त्यांनी स्पष्ट सांगितलंय.