सोळा आकडे, आणि त्यामागे एक माणूस

[पडद्यावर: शोधनिबंधांची लांबलचक यादी, प्रत्येक ओळीत एकच नाव]

वाय. वांग. २०११ या एका वर्षात या नावावर ३,९२६ शोधनिबंध छापून आले, म्हणजे दिवसाला दहाच्या वर. आता हा काही एक माणूस नाही. कोणी रसायनशास्त्रातला, कोणी मेंदूवर काम करणारी, कोणी शांघायमध्ये तर कोणी अमेरिकेत, पण इंग्रजीत आद्याक्षर आणि आडनाव एवढंच उरलं की सगळे एकाच ओळीत येऊन बसतात. चिनी लिपीत यातल्या बऱ्याच जणांची नावं वेगवेगळी दिसतात, म्हणून तर २००७ मध्ये फिजिकल रिव्ह्यू या भौतिकशास्त्राच्या जर्नल्सनी चिनी, जपानी, कोरियन लेखकांना इंग्रजी नावाशेजारी आपल्या लिपीतलं नाव छापायची मुभा दिली. वाचणाऱ्याची सोय झाली, पण शोध घेणाऱ्या कॉम्प्युटरचा प्रश्न काही सुटला नाही. त्यावरचा उपाय म्हणजे ऑर्किड आयडी, प्रत्येक संशोधकाचा स्वतःचा सोळा आकडी नंबर, त्याच्याकडे येतोच.

आणि हा प्रश्न फक्त चीनचा आहे असं समजू नका. एस. पाटील, एस. जाधव, ए. कुलकर्णी असं कुठल्याही डेटाबेसमध्ये टाकून बघा, काय गर्दी होते ते. आपल्याकडे त्यात अजून एक भानगड आहे. दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. परदेशी जर्नलचा फॉर्म मात्र शेवटचा शब्द म्हणजे आडनाव असं धरून चालतो. समजा एखादीने सवयीने 'पाटील सुनीता रमेश' असं भरलं, तर तिचा पेपर छापून येतो 'रमेश पी. एस.' या नावाने! म्हणजे काम हिचं आणि नाव वडिलांचं. पुढे लग्न झालं, आडनाव बदललं, मधलं नाव बदललं, म्हणजे दोन्ही आद्याक्षरं गेली आणि आधीचे सगळे पेपर जुन्या नावावर तसेच राहिले.

[पडद्यावर: कमला सोहोनी यांचा फोटो]

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींचंच बघा. माहेरच्या भागवत. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून आधी नकार दिला होता, त्या मागे हटल्या नाहीत, प्रवेश मिळवला, पुढे केंब्रिजला गेल्या आणि १९३९ मध्ये पीएचडी झाल्या. त्याच वर्षी नेचर या जर्नलमध्ये केंब्रिजच्याच रॉबिन हिल यांच्यासोबत त्यांचं टिपण आलं, फुलझाडांमधल्या सायटोक्रोम ऑक्सिडेज या श्वसनातल्या एन्झाईमबद्दल. त्यावर नाव आहे के. भागवत, आणि स्पेलिंगमध्ये डब्ल्यू नाही तर व्ही. १९४७ मध्ये लग्न झालं, त्या मुंबईला आल्या, इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये नीरा, कडधान्यं, आपल्याकडच्या साध्या माणसाच्या जेवणातल्या पदार्थांवर काम केलं, ते सगळं सोहोनी या नावाने. पण मध्येच १९५१ मध्ये न्यू फायटॉलॉजिस्ट या वनस्पतिशास्त्राच्या जर्नलमध्ये हिल यांच्यासोबतचा अजून एक निबंध आला तो पुन्हा भागवत नावाने!

म्हणजे आज एखादी विद्यार्थिनी सोहोनी टाकून शोधायला बसली तर तिला मुंबईचं काम सापडेल आणि केंब्रिजचं हातातून निसटेल, भागवत टाकलं तर उलट, आणि त्यातही डब्ल्यू लावला तर तेही नाही. एवढ्या मोठ्या बाईचं आयुष्यभराचं काम आणि ते जुळवायला कोणाला तरी चरित्र वाचावं लागतं, हे मला खरंच लागतं. कमलाबाई प्रसिद्ध आहेत म्हणून निदान कोणीतरी जुळवलं तरी, बाकीच्यांचं कोण जुळवणार?

[पडद्यावर: ऑर्किडचा हिरवा गोल लोगो]

यावर जे उत्तर सगळ्या जगाने बऱ्यापैकी मान्य केलं ते म्हणजे ऑर्किड आयडी. तसे नंबर आधीही होते. थॉमसन रॉयटर्सचा रिसर्चर आयडी २००८ पासून होता, स्कोपस या शोधनिबंधांच्या डेटाबेसचा स्वतःचा ऑथर आयडी होता, पण ते त्या त्या कंपनीच्या डेटाबेसपुरते, आणि स्कोपसवाला तर सॉफ्टवेअर अंदाजाने देतं, त्यामुळे कधी एका माणसाचे दोन होतात, कधी दोघांचा एक. मग प्रकाशक, विद्यापीठं, लायब्रऱ्या, निधी देणाऱ्या संस्था एकत्र आल्या, २०१० मध्ये ना-नफा संस्था नोंदवली, आणि १६ ऑक्टोबर २०१२ ला नोंदणी सगळ्यांसाठी खुली झाली. संशोधकाला एक पैसा लागत नाही, खर्च सदस्य संस्थांच्या वर्गणीतून निघतो. नोव्हेंबर २०२० मध्ये नोंदणी एक कोटीच्या पुढे गेली.

[पडद्यावर: ०००० - ०००२ - १८२५ - ००९७]

हा नंबर बघा. जोसाया कार्बेरी यांचा आहे, ब्राऊन विद्यापीठाचे प्राध्यापक, आणि हे गृहस्थ अस्तित्वातच नाहीत. १९२९ पासून त्या विद्यापीठात चालत आलेली ही थट्टा, आणि ऑर्किडवाले नमुना म्हणून तोच नंबर दाखवतात. यातला शेवटचा आकडा आधीच्या पंधरांवरून काढलेला असतो. डावीकडून एकेक आकडा घ्यायचा, आधीच्या बेरजेत मिळवायचा, दुप्पट करायची, पुढचा घ्यायचा. सुरुवातीला शून्यंच आहेत, मग २ चे होतात ४, त्यात १ मिळवून दुप्पट १०, मग ३६, ७६, १६२, ३२४, ६४८, आणि शेवटी १३१४. याला ११ ने भागा, बाकी ५. बारातून पाच गेले सात. शेवटचा आकडा सातच आहे की नाही? टाईप करताना एक आकडा जरी चुकला तरी हे गणित जुळत नाही, आणि वेबसाईट तिथेच अडवते. उत्तर १० आलं तर एक्स लिहितात, म्हणून काही जणांच्या नंबरच्या शेवटी एक्स दिसतो, ती प्रिंटिंगची चूक नाही.

नंबरमध्ये देश नाही, विषय नाही, जन्मसाल नाही, कॉलेज नाही. मला यातली ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. नाशिकहून पुण्याला बदली झाली, पुण्याहून जर्मनीला गेलात, विषय बदलला, नाव बदललं, घटस्फोट झाला, नंबर तोच. आणि आधारसारखं आहे का असं बरेच जण विचारतात, तर नाही, इथे बोटांचे ठसे नाहीत, कागदपत्रं नाहीत, स्वतःचं नाव आणि ईमेल देऊन आपणच काढायचा. त्यामुळे तो ओळखीचा पुरावा होत नाही आणि काम चांगलं की वाईट हेही सांगत नाही. नोंदीला वजन कधी येतं, तर 'हा आमच्याकडे नोकरीला आहे' हे स्वतः विद्यापीठाने तिथे लिहिलं, 'हा पेपर आमच्याकडे छापला' हे प्रकाशकाकडून आलं, की मग. प्रत्येक नोंदीखाली ती कोणी टाकली ते दिसतं, तेवढं बघायची सवय लावली पाहिजे.

पेपरची नोंद आपोआप कशी पडते? पेपर पाठवताना आपण ऑर्किडने लॉगिन करतो, पेपर स्वीकारला गेला की प्रकाशक डीओआय, म्हणजे त्या पेपरचा कायमचा नंबर, काढतो आणि सोबत आपला नंबर असे डीओआय नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेकडे पाठवतो, क्रॉसरेफ ती नोंद आपल्या खात्यात टाकते. २०१५ पासून हे चालू आहे. फक्त पहिल्यांदा क्रॉसरेफ आपली परवानगी मागते, तो मेसेज ऑर्किडच्या आतल्या इनबॉक्समध्ये येऊन पडतो आणि लोक तो उघडतच नाहीत! मग म्हणतात काही अपडेट होत नाही. एकदा होकार दिला की पुढचं काम सुरू.

जानेवारी २०१६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने सगळ्यात आधी लेखकांना ऑर्किड सक्तीचा केला, पाठोपाठ बरेच प्रकाशक आले. आपल्याकडे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या 'विद्वान' पोर्टलवर प्राध्यापकांची प्रोफाईल असते, तिचा नंबर वेगळा, पण तिथेही ऑर्किड जोडता येतो, म्हणजे एकीकडची माहिती दुसरीकडे पुन्हा टाईप करत बसायला नको.

पण होतं काय, कॉलेजचं मूल्यांकन जवळ आलं की ऑफिसातून फतवा निघतो, सगळ्यांचे आयडी उद्यापर्यंत पाहिजेत, मग कोणीतरी एकजण बसून अख्ख्या डिपार्टमेंटची खाती काढतो, पासवर्ड कोणालाच माहीत नाही, आत नाव सोडून काही नाही. असं कृपा करून करू नका. नियमानेही हे खातं स्वतः त्या व्यक्तीनेच उघडायचं असतं, आणि त्यात काय दिसावं हेही तीच ठरवते, सगळ्यांना, फक्त विश्वासातल्या संस्थांना, की फक्त स्वतःला. म्हणूनच कमलाबाईंसारख्या दिवंगत संशोधकांना हा नंबर मिळत नाही, त्यांच्यासाठी लायब्ररीवाले इस्नी नावाचा दुसरा सोळा आकडी नंबर वापरतात, आणि दोन्हींची सरमिसळ होऊ नये म्हणून ऑर्किडसाठी त्या नंबरांमधला काही भाग राखून ठेवला आहे.

[पडद्यावर: खात्याचं सेटिंग्जचं पान]

ज्यांचं खातं आहे त्यांनी आज दोन कामं करा. एक, कॉलेजच्या ईमेलसोबत घरचा ईमेल जोडा, कारण नोकरी सुटली की कॉलेजचा बंद होतो आणि पासवर्ड विसरलात तर आत जायची वाट उरत नाही. चुकून दोन खाती झाली असतील तर घाबरू नका, एकात दुसरं मिळवायची सोय तिथेच आहे. आणि दुसरं, नावाच्या खाली 'इतर नावं' असा रकाना आहे. माहेरचं नाव, सासरचं नाव, उलटसुलट छापलेलं 'रमेश पी. एस.', व्ही आणि डब्ल्यूचं स्पेलिंग, सगळं तिथे टाका. देवनागरीत लिहिलेलं नावही चालतं.