दंडावरची खूण

(दृश्य: प्राथमिक आरोग्य केंद्र. नवजात बाळाचा डावा दंड, अगदी जवळून.)

तपकिरी काचेची छोटी कुपी. तळाशी चिमूटभर पांढरी भुकटी. सिस्टर त्यात सलाइन मिसळतात आणि बारीक सुईने अवघा ०.०५ मिली द्राव बाळाच्या दंडात सोडतात. स्नायूपर्यंत जायचं नाही, कातडीच्या थरातच थांबायचं. सुई नेमकी बसली की ज्वारीच्या दाण्याएवढा फुगा उठतो आणि थोड्या वेळाने जिरतो.

ही बीसीजी, टीबीची लस. कुपीत जिवंत जंतू असतात. दुबळे, पण जिवंत.

दोन-तीन आठवडे काहीच होत नाही. मग त्याच जागी लाल पुळी येते, पिकते, फुटते. आजी घाबऱ्याघुबऱ्या बाळाला घेऊन येतात. पुळीवर हळद चोपडलेली.

"सिस्टर, सुई पिकली हो!"

"आजी, ती पिकायलाच पाहिजे. काही लावू नका, आपोआप खपली धरेल."

(दृश्य: ॲनिमेशन. फुप्फुसातला हवेचा इवलासा फुगा.)

एवढा उशीर का, हे कळायला खऱ्या टीबीकडे जावं लागतं. रुग्ण खोकतो, हवेत सूक्ष्म थेंब तरंगतात आणि त्यातला एखादा जंतू दुसऱ्याच्या फुप्फुसात खोलवर पोहोचतो. तिथे महाभक्षी पेशी असतात. त्या जंतूला गिळतात. एरवी गोष्ट इथेच संपते, कारण गिळलेल्या जंतूवर पेशी आम्लाची पिशवी रिती करते. टीबीच्या जंतूचं आवरण मात्र मेणचट, आणि ती पिशवी आपल्यापर्यंत येऊच न देण्याची युक्ती त्याला साधलेली. गिळला खरा, पण पचत नाही. उलट पेशीच्या पोटातच बिऱ्हाड थाटतो. घाई त्याला नाहीच. पोटातले साधे जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात, याला जवळजवळ एक दिवस लागतो.

दरम्यान जंतूचे तुकडे घेऊन काही पेशी जवळच्या लसिका गाठीपर्यंत जातात. तिथे लाखो टी पेशींमधून (जंतू ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशी) नेमकी याच जंतूची ओळख पटणारी शोधायची, तिची फौज वाढवायची, मग ती फुप्फुसात धाडायची. यातच काही आठवडे जातात. दंडावरच्या पुळीचा उशीर तोच. लशीनंतर एखाद्या बाळाच्या काखेत अवधाण येतं, तेही याच धावपळीमुळे.

शाळेच्या पुस्तकात पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिक. टीबीला हे चित्र अपुरं पडतं. इथे लढाई थोडी, पहारा फार. टी पेशींचा इशारा मिळाला की महाभक्षी पेशींना बळ येतं. त्या जंतूंभोवती एकमेकींना खेटून कडं करतात. या गाठीचं नाव ग्रॅन्युलोमा. तिचा गाभा चुरलेल्या पनीरासारखा, प्राणवायू जेमतेम. आत जंतू मरगळून पडतो, मरतोच असं नाही. लागण झालेल्या शंभरांपैकी नव्वदहून अधिक जणांत हा पहारा जन्मभर टिकतो. त्यांना खोकला नाही, ताप नाही, कल्पनाही नाही.

उरलेल्यांचं कडं ढिलं पडतं. मधुमेह, एचआयव्ही, तंबाखू आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त म्हणजे अर्धपोटी राहणं. गाभा पातळ होतो, श्वासनलिकेत फुटतो, आणि जंतूंना बाहेरची वाट मिळते. फुप्फुसात पोकळी पडते त्यात मोठा वाटा आपल्याच पेशींच्या माऱ्याचा असतो, हे मला या सगळ्यातलं सर्वांत क्रूर वाटतं.

(दृश्य: आनंदीबाई जोशी यांचं छायाचित्र.)

२४ मार्च १८८२. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी हा जंतू जगासमोर मांडला. १८८६ मध्ये आनंदीबाई अमेरिकेत डॉक्टर झाल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयानेच गेल्या. वय २१. शत्रूचं नाव कळलं होतं, औषध नव्हतं.

फ्रान्समधल्या लील शहरात काल्मेत आणि गेराँ या दोन संशोधकांनी गायीच्या टीबीचा जंतू पित्तात शिजवलेल्या बटाट्याच्या कापांवर वाढवायला घेतला. दर तीन आठवड्यांनी नवा काप. तेरा वर्षं, २३० वेळा. मधे महायुद्ध आलं, शहर जर्मनांच्या ताब्यात गेलं, तरी काप बदलत राहिले. जंतूची नांगी गेली. १९२१ मध्ये पॅरिसमध्ये पहिल्या बाळाला ही लस तोंडावाटे पाजली.

लस काय करते? लहानग्यांना मेंदूच्या टीबीपासून आणि अंगभर पसरणाऱ्या टीबीपासून चांगलं सांभाळते. मोठेपणीच्या फुप्फुसाच्या टीबीवर तिचा भरवसा धरता येत नाही. तमिळनाडूतल्या चेंगलपट्टूत १९६८ पासून लाखोंवर माणसांत झालेल्या चाचणीने हे स्पष्टच दाखवलं. झारखंडमध्ये मात्र रुग्णांच्या घरच्यांना महिन्याचं जास्तीचं धान्य दिलं, तेव्हा त्या घरांतले नवे रुग्ण ३९ टक्क्यांनी कमी झाले. २०२३ मध्ये हे निष्कर्ष छापून आले. पहारेकऱ्यालाही भाकरी लागतेच.

(दृश्य: बाकावर आजी, आई, बाळ.)

आजींच्या दंडावर देवी काढल्याचे दोन गोल वण आहेत. आईच्या दंडावर ते नाहीत. देवीचा रोगच संपला, लस थांबली. तिच्या डाव्या दंडावर बीसीजीचा एकच वण आहे. बाळाच्या दंडावरचा फुगा एव्हाना जिरलाय. आजींच्या हातात हळदीची पुडी आहे, आणि सिस्टर ती मागून घेतायत.