सोन्याचा वर्ख आणि अंधारी खोली

[दृश्य: मँचेस्टर, भरून आलेलं आभाळ, विटांच्या जुन्या इमारती]

पदार्थ सूक्ष्म कणांचे बनलेले असतात, असं भारतात कणादांनी मांडलं, ग्रीसमध्ये डेमोक्रिटसने. पण ते तपासून बघायची काही सोय नव्हती. ती केली मँचेस्टरमध्ये शिकवण्या घेऊन गुजराण करणाऱ्या जॉन डाल्टन यांनी. १८०३ साली त्यांनी शहरातल्या लिटररी अँड फिलॉसॉफिकल सोसायटीत एक निबंध वाचला. तो छापून आला तेव्हा त्याच्या शेवटी अणूंच्या सापेक्ष वजनांचा तक्ता होता. हायड्रोजनचं वजन एक धरायचं आणि बाकीच्यांचं त्या मापाने काढायचं. अणू आता वजनकाट्याच्या हिशेबात आला!

डाल्टन यांचा अणू अभंग होता. १८९७ मध्ये केंब्रिजला जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन हा ऋणभारित कण शोधला आणि अणूच्याही आत काहीतरी आहे हे कळलं. पण अख्ख्या अणूवर तर कुठलाच विद्युतभार नसतो. मग तोल साधणारा धनभार कुठे असतो? सगळ्या अणूभर पसरलेला, असं थॉमसन यांचं म्हणणं.

[दृश्य: काळोख. मग एक बारीक हिरवट ठिणगी.]

१९०९. पुन्हा मँचेस्टर. तिथले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्नेस्ट रदरफर्ड यांनी अर्नेस्ट मार्सडेन या विद्यार्थ्याला एक काम दिलं: अल्फा कण, म्हणजे किरणोत्सर्गी पदार्थातून वेगाने बाहेर पडणारे धनभारित कण, धातूवर आदळून मागे फिरतात का, ते बघ. अणूभर विरळ पसरलेला धनभार त्यांना अडवणार कसा? मागे फिरतील असं खुद्द रदरफर्ड यांनाही वाटत नव्हतं.

मार्सडेन वीस वर्षांचा. सोबतीला रदरफर्ड यांचे सहकारी हान्स गायगर. आधी अंधारात नुसतं बसून राहायचं, डोळे सरावेपर्यंत. मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. समोर झिंक सल्फाइडचा पडदा. त्यावर अल्फा कण आदळला की क्षणभर एक ठिपका चमकतो. तो मोजायचा. मग पुढचा. सोन्याचा वर्ख लावून मोजायचं, दुसरा धातू लावून मोजायचं. यंत्र मोजत नव्हतं, माणसाचा डोळा मोजत होता.

आणि जिथे काहीच दिसायला नको होतं, तिथे ठिपके चमकले. प्लॅटिनमवरून साधारण आठ हजारांत एक कण मागे फिरत होता.

अणुकेंद्रकाच्या, म्हणजे अणूच्या मधल्या गाभ्याच्या, शोधाचं श्रेय रदरफर्ड यांना मिळतं, आणि ते रास्तच आहे. पण उत्तर "नाही" येणार हे जवळपास ठरलेलं असताना त्या पोराने मन लावून मोजलं, याचं मोल आम्हाला तेवढंच वाटतं.

रदरफर्ड यांना याचा उलगडा व्हायला वर्षाहून जास्त काळ लागला. इतक्या वेगाचा, इतका जड कण मागे फिरवायचा, तर अणूचा सगळा धनभार आणि जवळपास सगळं वस्तुमान एका इवल्याशा जागी एकवटलेलं हवं. सोन्याच्या अणूचं केंद्रक हरभऱ्याएवढं धरलं, तर अख्खा अणू क्रिकेटच्या मैदानाएवढा होईल. मधे जवळजवळ सगळी पोकळी.

मार्च १९११ मध्ये त्यांनी हे मांडलं, तेही डाल्टन यांच्याच सोसायटीत.

एक अडचण मात्र उरली. केंद्रकाभोवती फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावत आत कोसळायला हवा. तो कोसळत का नाही? १९१२ मध्ये रदरफर्ड यांच्याकडे काम करून गेलेल्या नील्स बोर यांनी पुढच्याच वर्षी उत्तर दिलं: इलेक्ट्रॉनला ठरावीक कक्षांमध्येच राहता येतं. आणि १९११ सालीच मँचेस्टरमधून पदवी घेतलेल्या जेम्स चॅडविक यांनी १९३२ मध्ये त्या केंद्रकातला न्यूट्रॉन हा विद्युतभार नसलेला कण शोधून काढला.