आधी उजेड मोजा, मग धणे पेरा

(वाचनालयाच्या हॉलमधे मारलेल्या गप्पा, थोड्या साफसूफ करून.)

नमस्कार मंडळी. मागे ऐकू येतंय ना? बरं. बाहेर बोर्डावर "बारा महिने घरातली भाजी" असं लिहिलंय आणि मला पाऊण तास दिलाय, म्हणजे महिन्याला पावणेचार मिनिटं, आणि त्यातही साडेसहाला हॉल भजनी मंडळाला द्यायचाय, त्यांचे टाळ बाहेर येऊन बसलेत मी बघितलंय. आधीच सांगतो, मी शेतकरी नाही, बॉटनीवाला तर अजिबात नाही. नोकरीची सगळी वर्षं कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला काढली. त्यामुळे खतांच्या रेसिपी ऐकायला आला असाल तर निराशा होईल. माझ्याकडे सांगायला एकच गोष्ट आहे, ती मी भेटेल त्याला सांगतो आणि घरचे त्यावेळी उठून आत जातात. आज तुम्हाला उठून जाता येणार नाही, कारण चहा शेवटी आहे.

तर सुरुवात कुरडयांपासून.

आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. किचनच्या खिडकीला बाहेर काढलेली बॉक्स ग्रिल, तशी पुण्यात सगळ्यांनाच असते, आणि त्यात माझ्या अकरा कुंड्या. कोथिंबीर, पुदिना, दोन मिरच्या, पानओवा, आणि एक टोमॅटो, ज्याला अख्ख्या वर्षात चार टोमॅटो लागले आणि त्यातल्या एकाचा फोटो आमच्या सौ.नी माहेरच्या, सासरच्या आणि योगाच्या अशा तिन्ही ग्रुपवर टाकला. एप्रिल महिना होता. आम्ही दोन दिवस साताऱ्याला लग्नाला जाणार म्हणून मी निघताना सगळ्या कुंड्यांना भरपूर पाणी घातलं, आणि नुसतं पाणी नाही, शेणखत रात्रभर भिजवून केलेलं ते चहासारखं पाणी. खालच्या काकूंनी त्यांच्या ग्रिलमधे आदल्या दिवशीच्या कुरडया वाळत घातल्या होत्या. गव्हाच्या, तीन दिवस भिजवून, वाटून, चीक काढून केलेल्या.

मी चपला घालत होतो तेवढ्यात बेल वाजली. दारात काकू, हातात ताट, ताटात कुरडया. काही बोलल्या नाहीत हो, नुसतं ताट पुढे केलं. मला अजून दिसतं ते ताट, पांढऱ्या कुरड्यांवर तपकिरी ठिपके, एखाद्या चित्त्यासारखे. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. साताऱ्याच्या लग्नात पंगतीला ताटात कुरडई आली तर ती मला घशाखाली उतरेना.

परत आलो तर नोटीस बोर्डावर सर्क्युलर. ग्रिलमधे कुंड्या ठेवू नयेत. खरं सांगायचं तर कमिटी बरोबर होती, ओल्या मातीच्या अकरा कुंड्यांचं वजन त्या ग्रिलच्या बोल्टांवर, मी स्वतः कारखान्यात असलं कुणाला करू दिलं नसतं. पण तेव्हा राग आला. म्हटलं ठीक आहे, बाहेर नको ना, मग आत. सगळ्या कुंड्या ओट्यावर, फ्रिजवर, डायनिंग टेबलावर. घरात चालायला जागा नाही पण माणूस पेटलेला.

आणि मग धणे पेरले. दहा दिवसांनी उगवले, मी खूश. पंधराव्या दिवशी बघतो तर काय, पांढरे दोरे. टोकाला दोन-दोन पानं आणि सगळे दोरे माना वाकड्या करून खिडकीकडे बघतायत, गाडी चुकलेल्या लोकांसारखे. मला वाटलं पाणी कमी पडतंय, पाणी वाढवलं. मग वाटलं अशक्तपणा आहे, गांडूळखत घातलं. म्हणजे उपाशी माणसाला जेवण द्यायचं सोडून चार पेले ताक आणि वर लोणचं. विसाव्या दिवशी सगळी कोथिंबीर आडवी. कुंडीत वास, आणि त्या वासावर बारीक काळी चिलटं, ती आमच्या सौ.च्या वरणात. आता चिलटं वरणात पडली की घरात त्याचं काय होतं ते मी सांगत नाही, इथे लहान मुलं आहेत.

अशा तीन पेरण्या घालवल्या. तिसरीनंतर कपाट आवरताना माझा जुना लक्समीटर सापडला. लक्समीटर म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, कारखान्यात तपासणीच्या टेबलावर पुरेसा उजेड आहे का ते बघायला वापरायचो. सहज म्हणून ओट्यावर ठेवला. दुपारी बाराला, लख्ख उजेडात, ट्यूब न लावता. आकडा आला २४० लक्स, लक्स म्हणजे उजेडाचं माप. म्हटलं सेल गेला. नवा सेल घातला, २४०. डायनिंग टेबल, ११०. फ्रिजवर, ७०. खिडकीच्या कट्ट्यावर, काचेला चिकटून, ४,०००. मग गच्चीवर गेलो. एक लाखाच्या आसपास.

हा आकडा नीट ऐका. गच्चीवर लाख, ओट्यावर अडीचशे. चारशे पटीचा फरक! आणि मला दोन्हीकडे "छान उजेड आहे" असंच वाटत होतं. कारण आपला डोळा लबाड आहे. कमी उजेडात बाहुली मोठी होते, आतला पडदा जास्त संवेदनशील होतो, आणि डोळा तुम्हाला कळूही देत नाही की चारशेतले तीनशेनव्याण्णव भाग गेले. ओट्यावर मला पेपरातलं शब्दकोडं दिसत होतं म्हणून मी धरून चाललो की कोथिंबिरीलाही पुरेल. पण तिला शब्दकोडं सोडवायचं नाहीये, तिला त्या उजेडावर जेवायचंय.

कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर, प्रयोग परिवारवाले, म्हणजे शेतकऱ्यांनी स्वतः प्रयोग करून एकमेकांना शिकवायचं त्या चळवळीचे, तुमच्यातल्या जुन्या लोकांना माहीत असतील, तासगावच्या द्राक्षवाल्यांमधे त्यांचं नाव अजून निघतं. ते मूळचे गणिताचे प्राध्यापक, आणि झाडाकडेही हिशोबानेच बघायचे, की पान म्हणजे ऊन पकडायची जागा, आणि एवढ्या जागेत किती ऊन पकडलं त्यावर पीक. मी त्यांचं हे सगळं नोकरीत असताना वाचलं होतं आणि माना डोलावल्या होत्या, पण ते स्वतःच्या ओट्याला लावून बघावं हे काही सुचलं नाही. वाचलेलं असंच असतं.

आता माझी दुसरी तक्रार, ती सांगितल्याशिवाय मला झोप येणार नाही. उजेड कमी म्हणजे दिवा लावू, म्हणून ऑनलाइन मागवला. कंपनीचं नाव घेत नाही. चार वाकड्या माना असलेला जांभळा दिवा, डब्यावर लिहिलेलं ८० वॅट. लावला तर सगळं किचन जांभळं. सौ. दारातूनच म्हणाली, "हे घर आहे का ऑर्केस्ट्रा बार?" आणि त्या उजेडात पालक काळा दिसतो, भात गुलाबी दिसतो, पोळी भाजली की करपली ते कळत नाही. बरं, मी मेंटेनन्सचा माणूस, मला ८० वॅटची शंका आली, कारण वायर मोबाइलच्या चार्जरला लावायची होती. प्लगला मीटर लावला. नऊ वॅट. ऐंशीचे नऊ! डब्यावरचा आकडा कुठून आला तर म्हणे "समतुल्य". कशाशी समतुल्य, देवाला माहीत.

जांभळा का असतो, तर पानं लाल आणि निळा प्रकाश जास्त शोषतात आणि हिरवा त्यातल्या त्यात जास्त परत फेकतात, म्हणून तर ती हिरवी दिसतात. त्यामुळे नुसता लाल-निळा दिला की वीज वाचते. अंतराळस्थानकात नासाने अशाच जांभळट दिव्यांखाली लेट्यूस लावलं आणि ऑगस्ट २०१५ मधे तिथल्या लोकांनी ते खाल्लंसुद्धा. पण त्यांना तिथे पोळ्या भाजायच्या नव्हत्या. साध्या पांढऱ्या एलईडी ट्यूबमधे लाल, निळा, हिरवा सगळं असतं आणि ती कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळते, बिघडली तर तोच माणूस बदलून देतो. मी तीच वापरतो.

किती वाजले? सहा वीस?! अहो मला खूण करायची ना. बरं, आता पटापट, बारा महिने दहा मिनिटांत, लिहून घ्या.

मीटर नसेल तर मोबाइलवर लक्सचं ॲप मिळतं, अगदी अचूक नाही, पण अडीचशे आणि दहा हजारातला फरक नक्की सांगतं. तेही नको असेल तर दुपारी कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्यावर वीतभर उंच हात धरा. बोटं न् बोटं मोजता येतील अशी सावली पडली तर मिरचीपर्यंत काहीही लावा. सावली धूसर असेल तर पुदिना, पानओवा तग धरतील. सावलीच नसेल तर तिथे गणपतीची मूर्ती ठेवा.

खिडकी कुठली? पूर्वेची सगळ्यात गुणी. पश्चिमेची एप्रिल-मेमधे भाजून काढते, पडदा लागतो. दक्षिणेच्या खिडकीत हिवाळ्यात सूर्य खाली असतो म्हणून ऊन आत येतं, आणि उन्हाळ्यात उलट, छज्जाच सगळं अडवतो. उत्तरेला काहीच नाही असं लोक म्हणतात, पण पुण्यात साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारी सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो, त्या शून्य सावलीच्या दिवसाच्या बातम्या येतात ना, त्याच्यानंतर. म्हणजे मेअखेरीस उत्तरेच्या खिडकीत पण ऊन डोकावतं. मग जूनमधे ढग येतात आणि सूर्य वर असला काय नसला काय. माझ्या कट्ट्यावरचे चार हजार जुलैमधे बाराशे होतात. आणि नेमकी तेव्हाच मंडईत कोथिंबिरीची जुडी पन्नास रुपये मागते, म्हणून बारा महिने पिकवायचं असेल तर ट्यूब लागणारच, त्याला इलाज नाही.

ट्यूब कशी? २० वॅटच्या दोन, चार फुटी, शेजारी शेजारी, पानांपासून अर्धा फूट वर. एवढ्या जवळ मला नऊ-दहा हजार लक्स मिळतात, तीच ट्यूब तीन फुटांवर टांगली तर दीड हजारपण नाही. लोक छताला लावतात आणि म्हणतात उपयोग नाही. हे एलईडी फार तापत नाहीत, जवळ आणायला घाबरू नका. रोज १२ तास, साध्या टायमरवर. ४० वॅट गुणिले १२ तास, महिन्याला साडेचौदा युनिट. आपल्या बिलाच्या हिशोबाने दीडशे रुपये धरा. म्हणजे ही भाजी फुकट नाही, आणि घरात भाजी पिकवून भाजीवाला बंद होणार असं कुणी सांगत असेल तर त्याच्याकडून काही विकत घेऊ नका. वरून घालायला कोथिंबीर, चहाला पुदिना, आठवड्यातून एकदा मेथी, एवढंच.

कोथिंबीर: एका धण्यात दोन बिया असतात, कागदावर पसरून वरून चप्पल घासा म्हणजे दोन फाकी होतात, शेतकरी असंच करतात, किचनमधे करणार असाल तर लाटणं घ्या. रात्रभर भिजवा. उगवायला आठ-दहा दिवस, तोवर उकरून बघू नका. दिवा सोळा तास ठेवलात आणि वर उकाडा असला की ती लगेच फुलावर जाते, म्हणून बाराच तास. मेमधे नादाला लागू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात छान.

मेथी: सगळ्यात सोपी, तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर. पावसाळ्यात बोटभर झाली की कापायची. हल्ली ट्रेमधे घालून मायक्रोग्रीन म्हणून विकतात, पण मुंबईत जे राहिलेत त्यांनी समुद्रमेथी खाल्लीय, किनाऱ्यावरच्या वाळूत वाढवलेली, पांढऱ्या देठाची, मुठीत मावेल अशी जुडी, धुवून धुवून वाळू निघत नाही. तेच ते. मोहरी आणि राजगिरा पण तसेच करता येतात.

लसूण: थंडीत पाकळ्या टोचा, पात कापत राहा. पालक थंडीत, ट्यूबखाली. तुळस, गवती चहा यांना खरं ऊन लागतं, खिडकी नसेल तर नाही. मिरची हवीच असेल तर दहा हजार लक्सवर जगते पण रुसते, आणि घरात वारा नसतो, म्हणून फुलं आली की फांदीला टिचकी मारायची. टोमॅटोला याच्या दुप्पट-तिप्पट उजेड लागतो. टोमॅटो बाजारातून आणा.

पाणी: कुंडी उचलून बघा, जड असेल तर घालू नका. घरात कमी उजेडात झाड पाणी पितच कमी, माती ओली राहते, मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, चिलटं येतात. माझ्या तिन्ही पेरण्यांचं हेच झालं. चिलटांना पिवळे चिकट कागद, आणि मातीचा वरचा बोटभर थर सुकू द्यायचा. पावसाळ्यात रोपं बुडाशी बारीक होऊन कोलमडतात, तेव्हा छोटा टेबल फॅन दिवसातून थोडा वेळ. कोकोपीटमधे, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, स्वतःचं अन्न नसतं, खत द्यावं लागतं, आणि आधी दोनदा धुवून घ्या, त्यात क्षार असतात. खाली ताटली ठेवाच. कुरडया आठवा.

किती भाज्या झाल्या? दहा? म्हणजे बारामधे दोन कमी. चालेल, आले बुवा मंडळी पेटी घेऊन. जाताना दाराशी बादलीत पुदिन्याच्या काड्या आहेत, प्रत्येकी दोन घ्या, खालची पानं काढून टाका आणि काडी दोन बोटं पाण्यात राहील अशी पेल्यात ठेवा, आठवड्यात पांढरी मुळं दिसतील. पहिली जुडी खालच्या काकूंना देऊन झालीय, त्यांनी विचारलं, "पाणी कसलं घातलंस?" मी म्हटलं, "नळाचं."