गाडीचा विमा रद्द होऊ नये म्हणून

श्रोतेहो, नमस्कार.

पॉलिसीची प्रत गाडीत ठेवली आहे, म्हणजे विमा चालू आहे, अशी अनेक वाहनमालकांची प्रामाणिक समजूत असते. कायदा मात्र आधी पैशांकडे पाहतो. विमा कायदा, १९३८ मधील कलम ६४ व्हीबीनुसार प्रीमियम आगाऊ मिळाल्याखेरीज विमा कंपनीला जोखीम स्वीकारता येत नाही. म्हणून धनादेश देऊन पॉलिसी घेतली आणि खात्यात शिल्लक नसल्यामुळे तो वटला नाही, तर कंपनी ती पॉलिसी रद्द करू शकते. असे प्रकरण २०१२ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आले होते. पॉलिसी रद्द झाल्याची सूचना अपघातापूर्वी मालकाला मिळालेली नसेल, तर अपघातग्रस्ताला भरपाई देण्याची जबाबदारी कंपनीला टाळता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले; परंतु ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याचा मार्ग कंपनीला मोकळा ठेवला. म्हणजे भार अखेर मालकावरच येऊ शकतो. तेव्हा प्रीमियम खात्यातून खरोखर गेला की नाही, हे पॉलिसी मिळाल्यावर आठवडाभरात अवश्य पाहावे. घर बदलले असेल, तर नवा पत्ता आणि मोबाइल क्रमांक कंपनीला कळवावा. अन्यथा रद्द झाल्याचे पत्र जुन्या पत्त्यावरच जात राहील.

दुसरे कारण अर्जातील माहितीचे आहे, आणि मला ते अधिक गंभीर वाटते. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार प्रीमियम भरलेला असताना वैयक्तिक ग्राहकाची पॉलिसी कंपनीला केवळ सिद्ध झालेल्या फसवणुकीच्या कारणावरून, आणि तीही किमान ७ दिवसांची नोटीस देऊनच, रद्द करता येते. ग्राहकासाठी हे मोठे संरक्षण आहे. पण पुष्कळदा अर्ज एजंट भरतो आणि आपण न वाचता सही करतो. मागील वर्षी दावा घेतलेला असतानाही नो क्लेम बोनसची, म्हणजे दावा न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी, २० ते ५० टक्क्यांपर्यंतची सवलत मागितली गेली, तर ते खोटे निवेदन ठरते, आणि नवी कंपनी जुन्या कंपनीकडे चौकशी करून ते तपासू शकते. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. जुनी गाडी विकत घेणाऱ्याला आधीच्या मालकाचा बोनस मिळत नाही. अशी गाडी घेतल्यावर १४ दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा. सीएनजी किट बसवले असेल, तर त्याची नोंद आरसीवर आणि पॉलिसीत, दोन्हीकडे करून घ्यावी. खासगी गाडी भाड्याने चालवली, तर ऐन वेळी दावा नाकारला जाऊ शकतो.

मुदत संपणे म्हणजे रद्द होणे नव्हे, पण परिणाम तितकाच वाईट असतो. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे इतरांना होणाऱ्या हानीचा विमा, सक्तीचा झाला. मात्र स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण बहुधा एकाच वर्षाचे असते. पॉलिसीवर दोन वेगवेगळ्या तारखा छापलेल्या असतात आणि पहिली तारीख सहज नजरेतून सुटते. ती उलटून गेल्यावर नूतनीकरणासाठी गाडीची तपासणी करून घ्यावी लागते, आणि ९० दिवस उलटले तर साठवलेला बोनसही जातो. थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणणे हा तर गुन्हाच आहे. पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

पॉलिसी अन्यायाने रद्द झाली असे वाटल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरात उत्तर मिळाले नाही किंवा समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत आणि तेथे शुल्क लागत नाही. तक्रारीसोबत पॉलिसीची प्रत, प्रीमियम गेल्याचा बँकेचा उतारा आणि कंपनीशी झालेला सर्व पत्रव्यवहार जोडावा.